सुभेदार मोहित्यांचे सव्वाशे हॉर्सपॉवर

कुणी इंजिनाच्या ताकदीची फुशारकी मारू लागलं, की सुभेदार मोहिते त्याच्या गाडीचा स्पार्क प्लग खोलून उन्हात धरत. बिस्किटासारखा भुरका असला तर खुशीत मान डोलवत. पांढराफटक असला तर म्हणत, "आकडा नका सांगू साहेब. आतून जळतंय हे."

मूळचे साताऱ्याकडचे. फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर नोएडात एका भाड्याच्या शेडमध्ये ते जुनी इंजिनं बांधायचे. माझी गाडी जुनी जर्मन. इंजिन मागे, रेडिएटर नाहीच. पंख्याच्या हवेवर थंड होणारं. मूळ ताकद पन्नासेक हॉर्सपॉवर.

"काका, किती निघतील?"

"सव्वाशे."

"कार्ब्युरेटरवर?"

"बिल्कुल. लोकांना कॉम्प्युटर दिसला की इंजिन कळल्यासारखं वाटतं. दीडशे पण काढीन, पण टिकायची हमी न्हाई. ह्याच्या पोटात पाणी न्हाई साहेब, हवा हेच पाणी."

त्यांनी मोठे पिस्टन-सिलिंडर घातले, दोन्ही बाजूंना एकेक मोठा कार्ब्युरेटर बसवला. दोन्ही सारखीच हवा ओढतात का, हे ते रबरी नळी कानाला लावून ऐकत. "नवरा-बायकोचं वेगवेगळं चालतं, ह्या दोघांचं न्हाई." चाचणीच्या रोलरवर आकडा आला एकशे सव्वीस. काकांनी आकड्याकडे न बघता प्लग खोलला. भुरका.

संक्रांतीला आम्ही काही मराठी मंडळी जुन्या गाड्या घेऊन पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जातो. आदल्या दिवशी मी इंजिनाभोवतीचे काळे पत्रे काढून ठेवले. चकचकीत इंजिन लोकांना दिसावं, एवढंच डोक्यात. खालची गरम हवा वर पंख्याकडे जाऊ नये म्हणून ते पत्रे असतात, हे काकांनी मला दोनदा सांगितलं होतं. हायवेवर गाडी दाबली आणि सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, समालख्याच्या पुढे इंजिन जाम झालं. सगळ्यांसमोर.

गाडी टो करून मयूर विहारला माझ्या घरी आणली आणि काका येण्याआधी मी पत्रे परत बसवले.

इंजिन खोलून वितळलेला पिस्टन त्यांनी उजेडात फिरवून पाहिला. "जेट बारीक दिला असणार मी. पेट्रोल कमी पडलं."

मी म्हणालो, "असेल."

आमच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपमधल्या एका दिल्लीवाल्याने त्यांना तोंडावर विचारलं, "सूबेदार साहब, इंजन बनाया था या तंदूर?" सगळे हसले. मीही. त्यानंतर काकांनी एवढ्या ताकदीचं इंजिन कुणालाही बांधून दिलं नाही. साधी दुरुस्ती करत. पण तो पिस्टन त्यांनी टेबलावरच ठेवला होता, आणि मी गेलो की विचारत, "साहेब, त्या दिवशी रोलरवर प्लग तर भुरका होता ना?"

तीन वर्षांनी ते शेड सोडून गावी निघाले, तेव्हा मी गेलो. ते पाने-पक्कडी पोत्यात भरत होते.

"काका, पत्रे मी काढले होते. पानिपतला जाताना."

त्यांनी हातातला पाना बाजूला ठेवला. "गाडी कुठवर गेली म्हणाला होता?"

"समालख्याच्या पुढे."

"दाबून?"

"दाबूनच."

"पत्र्यांशिवाय समालखा!" ते मोठ्याने हसले. "म्हंजे चांगलंच बांधलं होतं की मी!"

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तीन वर्षं, साहेब." आणि पाठ फिरवून पोतं शिवायला लागले.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. आठवड्याभरात दोघांनी काकांचा नंबर मागितला. त्यांना इंजिन बांधून घ्यायचं होतं. शेडमध्ये तोवर दुसरा भाडेकरू आला होता.