बॅस्कम काउंटीतली शेवटची बॅस्कम

फोनवर नाव सांगायची वेळ आली की ओझेलाला ते दोनदा सांगावं लागे.

"नाव?"

"बॅस्कम."

"काउंटी नाही हो बाई, तुमचं नाव विचारलं मी."

"मीही नावच सांगतेय."

मग पलीकडून हसण्याचा आवाज येई आणि त्यामागून ठरलेला प्रश्न. "म्हणजे त्या जनरलच्या घराण्यातल्या का तुम्ही?"

"घराण्यातली नव्हे, मळ्यातली," असं म्हणून ती विषय मिटवी. ज्याला कळायचं त्याला कळे. ज्याला कळत नसे तो आणखी थोडा हसे.

दक्षिण जॉर्जियातल्या त्या पाइनच्या आणि शेंगांच्या मुलखात बॅस्कम हे नाव चुकवायचं म्हटलं तरी चुकत नसे. पाण्याच्या टाकीवर बॅस्कम, शाळेच्या बसवर बॅस्कम, शेरिफच्या गाडीवर बॅस्कम. जनरल लुशस बॅस्कम अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूनं लढला, हरला आणि दूर व्हर्जिनियात कुठल्याशा ओढ्याकाठी मेला. त्याला जाऊन जवळजवळ पन्नास वर्षं झाल्यावर शेजारच्या मोठ्या काउंटीचा लचका तोडून ही नवी काउंटी, म्हणजे छोटा जिल्हाच, केली. हरलेल्या सेनापतींची नावं द्यायची तेव्हा टूमच निघाली होती. उरलेल्यांतलं एक हिच्या वाट्याला आलं, आणि काउंटीच्या कचेरीसमोर त्याचा दाढीवाला दगडी पुतळा उभा राहिला.

ओझेला त्याच कचेरीत एकतीस वर्षं जन्म-मृत्यूच्या नोंदी करत होती. एकोणीसशे ब्याऐंशीत तिला घेतलं तेव्हा त्या काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेली ती पहिली काळी बाई. लोक दारात थबकायचे, आणि आपण चुकीच्या खोलीत आलो की काय म्हणून पाटी पुन्हा वाचायचे. दर जन्माला एकदा आणि दर मरणाला एकदा तिनं 'बॅस्कम काउंटी' टाइप केलं. किती वेळा, ते तिलाच ठाऊक नव्हतं.

लग्न राहूनच गेलं. ॲल्विन स्पाइव्ही नावाचा एक सुतार होता. चांगला होता, गाणाराही होता. त्याला दूर उत्तरेत डेट्रॉइटला जायचं होतं आणि ओझेलाची आई अंथरुणाला खिळलेली. "दोन वर्षांत येते," ती म्हणाली होती. आई अकरा वर्षं जगली. ॲल्विन किती वर्षं थांबला ते तिनं कधी कुणाला विचारलं नाही. दोघे भाऊही तिकडेच गेले आणि तिकडेच वारले. गावात बॅस्कम आडनावाचं दुसरं कुणी उरलं नाही. जनरलचे नातलग तर इथे कधी राहिलेच नव्हते.

राहता राहिली वांडा डर्डन. वांडा गोरी, शेजारच्या टेबलावर जमिनीची खरेदीखतं सांभाळणारी. सव्वीस वर्षं दोघींनी एकत्र डबा खाल्ला. निवृत्तीनंतरही दर गुरुवारी वांडा हिच्या ओसरीवर यायची. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगांची परात मधे ठेवून दोघी टरफलं टाकत बसायच्या. वांडाच्या घरी मात्र ओझेला एकदाच गेली होती, तिचा नवरा गेला तेव्हा, आणि तेव्हाही मागच्या, स्वयंपाकघराच्या दारानं. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. पाय आपसूकच तिकडे वळले.

ओझेला त्र्याहत्तर वर्षांची झाली त्या वर्षी काउंटीचं नाव बदलायचा अर्ज निघाला. पुढाकार तिच्याच चर्चच्या रेव्हरंड टिसडेलांचा. एका संध्याकाळी ते टोपी हातात घेऊन ओसरीवर आले.

"मिस ओझेला, सुनावणीत तुम्ही बोलायचं."

"मी? मी एकतीस वर्षं फक्त 'पुढचा नंबर' एवढंच बोलले, रेव्हरंड."

"तुमचं नावच पुरे आहे. त्या जनरलच्या नावाची बाई उभी राहून म्हणणार, हे नाव काढा. त्यावर कोण काय बोलेल?"

ती विचार करते म्हणाली. गुरुवारी वांडाला तिनं हे सांगितलं तेव्हा वांडानं शेंग फोडता फोडता नाक मुरडलं.

"लोकांना खूळ लागलंय. उद्या म्हणतील डर्डन वाईट, तेही बदला."

"तुझं तर तीनदा बदललंय."

"नवऱ्यांमुळे गं! ते निराळं." वांडा खो खो हसली. ओझेलाही हसली. पण तुझं मत काय, असं वांडानं विचारलं नाही, आणि ओझेलानं आपण होऊन सांगितलं नाही.

बोलायचंच तर पुराव्यानिशी, एवढी कचेरीची सवय अंगात मुरलेली. घरात एक गोष्ट चालत आली होती की पणजोबा प्रिन्स गुलामगिरी उठल्यावर जनरलच्या बापाच्या समुद्राकडच्या भातशेतीच्या मळ्यातून पायी निघाले आणि पाइनच्या जंगलात डिंक काढायच्या कामाला लागले. हा मुलूख तेव्हा शेजारच्या काउंटीत होता, म्हणून जुनी दप्तरंही तिकडेच होती. ओझेला गाडी काढून तिथे गेली. चार दिवस ती तिथल्या कचेरीच्या तळघरात वाकून बसली. पाचव्या दिवशी सापडलं. सन अठराशे चौऱ्याऐंशी, चाळीस एकर, ओढ्याकाठची जमीन, घेणार प्रिन्स बॅस्कम, कृष्णवर्णीय.

म्हणजे काउंटीला हे नाव पडायच्या सत्तावीस वर्षं आधी इथे एक बॅस्कम राहत होता, आणि तो हा होता.

तिनं कागदावर बोट ठेवलं. पणजोबांना लिहिता येत नव्हतं. कारकुनानं वळणदार अक्षरात 'प्रिन्स' लिहिलं होतं, पुढे थोडी जागा सोडून 'बॅस्कम'. मधल्या जागेत सहीऐवजी एक फुली होती. वाकडी, शाई फुटलेली, दाबून काढलेली. कुणाला तरी सांगावं असं ओझेलाला वाटलं, पण सांगायला शेजारी कुणी नव्हतं. काचेपलीकडची मुलगी मोबाइल बघत होती.

सुनावणीच्या दिवशी सकाळी दहालाच कोर्टाची मोठी खोली भरली. एका बाजूला चर्चची माणसं, दुसऱ्या बाजूला पुतळ्याच्या बाजूची, आणि त्यांच्यात तिसऱ्या रांगेत वांडा. काउंटीच्या बोर्डाचे अध्यक्ष कर्टिस लॉफ्टिन, रंगानं लालबुंद आणि स्वभावानं गोड. त्यांच्या तिन्ही मुलांचे जन्मदाखले ओझेलानंच टाइप केले होते.

आधी चार-पाच जण बोलले. नाव काढाल तर इतिहास पुसाल, असं एकजण म्हणाला. मग ओझेलाचा पुकारा झाला. ती उठली, चष्मा पुसला, कागद धरला.

"मी ओझेला बॅस्कम. तुम्ही इतिहास म्हणता, तर माझ्याकडे त्याचा कागद आहे. जनरल साहेबांनी या मातीत कधी पाय ठेवला नाही. इथे राहिलेला, इथली झाडं तासलेली, इथेच पुरलेला पहिला बॅस्कम म्हणजे माझे पणजोबा. त्यांना जनरलच्या बापानं विकत घेतलं होतं."

रेव्हरंडांचा चेहरा उजळला.

तेवढ्यात लॉफ्टिन पुढे झुकले. "मिस ओझेला, हे तर कुणालाच माहीत नव्हतं. फारच सुंदर!" त्यांनी बाकीच्यांकडे पाहिलं. "मग असं का करू नये? नाव राहू द्या बॅस्कमच. फक्त ठराव करू, की आजपासून ही काउंटी जनरलच्या नव्हे, प्रिन्स बॅस्कम यांच्या नावानं ओळखली जाईल. एक पाटी बदलायला नको, एक कागद बदलायला नको. सगळेच खूश!"

आधी कुणी तरी एकट्यानं टाळी वाजवली, मग दोन्ही बाजूंनी कडकडाट झाला. रेव्हरंड टिसडेलही उभे राहून टाळ्या वाजवत होते. वांडा तर रुमालानं डोळे पुसत होती. सबंध खोली आपल्याकडे मायेनं बघतेय असं ओझेलाच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. एक मान हलवली की झालं.

"नको," ती म्हणाली.

टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. तिनं माइक जवळ ओढला.

"नको, मिस्टर लॉफ्टिन. ते त्यांचं नाव नव्हतं. ते त्यांच्यावर टाकलेलं होतं, बैलाच्या पुठ्ठ्यावर डाग देतात तसं. प्रिन्स हेही मालकानंच ठेवलेलं. या सबंध कागदावर त्यांची स्वतःची अशी एकच गोष्ट आहे, ही मधली फुली. त्यांची आई त्यांना काय हाक मारायची ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. ज्या नावाखाली त्यांना राबवलं, तेच त्यांचा मान म्हणून टाकीवर ठेवू नका. तुमच्या सोयीसाठी तर नकोच."

कुणी खोकलं. कुणी खुर्ची सरकवली. लॉफ्टिनांचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांत ते उरलं नाही. "बरं, बरं. आभारी आहोत, मिस ओझेला," ते म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं.

दोन आठवड्यांनी बोर्डाचं मतदान झालं. बदलाच्या बाजूनं दोन, विरुद्ध तीन. नाव जसंच्या तसं राहिलं, जनरलचंच. प्रिन्सचा ठराव कुणी पुन्हा काढला नाही.

रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर रेव्हरंडांनी तिला गाठलं. ते रागावले नव्हते, आणि तेच तिला जास्त लागलं.

"हाती आलं होतं, मिस ओझेला. अख्खं नसेल, अर्धं तरी. आमच्या पोरांना टाकीकडे बोट दाखवून सांगता आलं असतं, हा आपला माणूस."

"आपला माणूस खरा, रेव्हरंड. नाव आपलं नव्हतं."

"गरिबानं नावाचा एवढा कीस काढू नये," ते हळूच म्हणाले आणि दुसऱ्या कुणाशी बोलायला वळले. ते चुकत होते असं तिला छातीठोकपणे म्हणता येईना. त्या दिवसापासून तिच्या बाकावर शेजारी जरा जास्तच जागा राहू लागली.

त्या गुरुवारी तिनं शेंगा उकडल्या. वांडा आली नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. तिसऱ्या गुरुवारी ओझेलानं मूठभरच उकडल्या, आणि मग ते बंदच केलं. एकटीला शेंगा खाव्याशा वाटेनात, टरफलांचा आवाज फार मोठा येई.

महिन्याभरानं दुकानात पिठाच्या फळीपाशी दोघी समोरासमोर आल्या. वांडानं ट्रॉली वळवायचा विचार केला, पण वाट अरुंद होती.

"बरी आहेस?" ओझेलानं विचारलं.

"बरी आहे." वांडा पिठाच्या पिशवीकडे बघत बोलली. "मी त्या दिवशी तुझ्यासाठी रडले होते, ओझेला. आनंदानं. आणि तू आम्हाला सगळ्यांना गुरं डागणाऱ्यांत बसवलंस."

"तुला नाही म्हटलं मी."

"मी त्याच बाजूला बसले होते ना? मनात एवढं साठलं होतं तर मला आधी सांगायचं होतंस. सव्वीस वर्षं शेजारी बसलो."

"सव्वीस वर्षं तू विचारलं नाहीस, वांडा."

वांडानं पिठाची पिशवी उचलून ट्रॉलीत ठेवली. "माझा गुडघा आता फार दुखतो, पायऱ्या चढवत नाहीत," ती म्हणाली. ओझेलाच्या ओसरीला दोनच पायऱ्या होत्या. दोघींनाही ते ठाऊक होतं.

डेट्रॉइटहून भाची शेरिसचा फोन आला. "आत्या, पुरे झालं आता. इकडे ये. तिथे कोण आहे तुझं?"

"सगळेच आहेत. जमिनीखाली आहेत, एवढंच."

"विनोद करू नकोस. खोली रिकामी आहे आमच्याकडे."

"बघते," ती म्हणाली. दोघींनाही त्या 'बघते'चा अर्थ कळला. त्या चाळीस एकरांतला शेवटचा एकर अजून तिच्या नावावर होता आणि त्यात पुरलेली अकरा माणसं होती. त्यांच्यावरचं गवत कापायला दुसरं कुणी नव्हतं.

त्या हिवाळ्यात एका रविवारी ती नेहमीसारखी आवरून गाडीत बसली, आणि आपल्या चर्चपाशी न थांबता पुढेच गेली. वीस मैलांवर, काउंटीची हद्द ओलांडल्यावर, पांढऱ्या फळ्यांचं एक लहानसं चर्च लागलं. आत ओळखीचा एकही चेहरा नव्हता. दारातल्या जाड्या, हसऱ्या बाईनं पाहुण्यांचं कार्ड आणि पेन्सिल पुढे केली.

ओझेलानं फक्त 'ओझेला' लिहिलं आणि कार्ड परत दिलं.

"पुढे काय लिहू, सिस्टर? ओझेला कोण?"

"एवढंच पुरे."

बाईनं कार्ड ठेवून घेतलं. "चालतंय की," ती म्हणाली. "या, पुढे बसा, मागे गारठा आहे."

आधी गाणं झालं, मग धर्मगुरूंनी कार्ड हातात घेतलं. "आज आपल्याकडे पाहुण्या आल्यात, सिस्टर ओझेला. जरा उभ्या राहता का?"

ती उभी राहिली. लोकांनी वळून पाहिलं, माना हलवल्या. कुणाची कोण, कुठल्या घराण्यातली, हे कुणी विचारलं नाही. बरं वाटलं. आणि आपल्याला इथे कुणीच ओळखत नाही, हेही त्याच क्षणी तिला उमगलं. ॲल्विन नाही, आई नाही, वांडा नाही. ती खाली बसली.

प्रार्थनेनंतर त्यांनी तिला जेवायला थांबवलं. कोंबडी, भात आणि कोलार्डची पालेभाजी. भाजीत मीठ कमी होतं, पण तिनं ताट स्वच्छ केलं. निघताना त्या जाड्या बाईनं विचारलं, "पुढच्या रविवारी येणार ना?"

"येईन," ओझेला म्हणाली, आणि पुढच्या रविवारी खरंच गेली.