पाटीची पाठ

आमच्या जुन्या नाट्यगृहाच्या पाटीमागे आज चिमणी काडी घेऊन शिरली आणि मला पुन्हा हसू आलं. पाटी पालिकेच्या मापापेक्षा मोठी. जुनी ठरली तरच राहणार, नाहीतर उतरणार. मागे तपासणीला पालिकेच्या बाई येणार होत्या म्हणून मी, इथला व्यवस्थापक, हौसेनं पाटीला सोनेरी रंग दिला. माझ्या केसांना काळा.

"अहो, ही जुनी कुठली?" बाईंनी विचारलं.

त्या शिडीवर चढल्या. पाटीमागे रंग पोचलाच नव्हता. तिथे गंजके खिळे होते, घरट्यांचे थर होते. 'सवलत द्यावी', असा शेरा त्यांनी वरच लिहिला. मग माझ्या डोक्याकडे पाहत म्हणाल्या, "तुम्हीही मागून जुनेच की!"

वय झाकायला निघालेला माणूस स्वतःची पाठ विसरतो. विसरलो, म्हणून तर पाटी वाचली.