बाजार बंद, मी जिवंत

शामकांतराव कुलकर्णी बाजार कमिटीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, तरी कर्जत तालुक्यातल्या एका गावच्या जनावरांच्या बाजाराची वेबसाइट त्यांच्याच ताब्यात राहिली. त्यांच्यासारखं मराठी लिहिणारा दुसरा कोणी नाही, असं ते स्वतःच सांगत. त्यांचं वाक्य एकदा सुटलं की वाचणाऱ्याला दमवूनच थांबायचं.

या वेळी काम तातडीचं होतं. जनावरांत लम्पीची साथ आली होती, शुक्रवारचा बाजार बंद ठेवायचा होता. निरोप पोचला नाही तर लांबलांबून टेम्पो भरून जनावरं येणार आणि रोग घेऊन परत जाणार.

शामकांतरावांनी सूचना लिहिली. ती 'सर्व सन्माननीय पशुपालक बंधुभगिनींना कळविण्यास अत्यंत दुःख होते की' इथून निघाली आणि 'बंद' हा शब्द पार तळाशी आला. भारदस्तपणा यावा म्हणून भोवती जाड काळी चौकट, आणि वर निरोप समारंभातला स्वतःचा शाल पांघरलेला फोटो.

"बाबा, मोबाईलवर लोक वाचत नाहीत, नुसती नजर फिरवतात," त्यांची सून भार्गवी म्हणाली. वेबसाइट बनवणं हा तिचा धंदाच. "बंद आहे ते आधी सांगा. अक्षर मोठं करा, वाक्यं लहान करा."

"मी काय बालवाडीचा तक्ता लिहितोय?" म्हणत शामकांतरावांनी सूचना तशीच चढवली.

लोकांनी नजर फिरवली. फोटो, काळी चौकट, अत्यंत दुःख. दुपारी गोजरबाई पदर तोंडाला लावून दारात आली. तिच्या म्हशीशिवाय तो बाजार भरल्यासारखा वाटत नसे. दार शामकांतरावांनीच उघडलं.

"लई वाईट झालं वो," ती त्यांनाच म्हणाली. "भाऊसाहेब कवा गेले?"

"गोजरबाई, मी इथं उभा आहे!"

"व्हय, दिसतंय की. पन कमिटीनं छापलंय म्हंजी खोटं कसं आसंल?"

मागोमाग घोडेगावचे व्यापारी आले. शामकांतरावांनी स्वतःच्या सांत्वनाला आलेल्यांसाठी स्वतःच सतरंजी अंथरली, पाणी दिलं. "बाजार बंद आहे, ते वाचलंत का?" त्यांनी एकेकाला विचारलं.

"आशा वक्ताला बाजाराचं काय घिऊन बसलात?" व्यापाऱ्यांनी उलट त्यांच्याच पाठीवरून हात फिरवला. तळापर्यंत एकानेही वाचलं नव्हतं. आयुष्यभर लिहिलेलं असंच गेलं असणार, हे लक्षात येऊन शामकांतरावांना रडू फुटलं. ते बघून बाकीच्यांची खात्रीच पटली.

संध्याकाळी ते मुकाट भार्गवीशेजारी बसले. चौकट गेली, फोटो गेला. एकेक शब्द काढताना त्यांना दाढ उपटल्यासारखं होत होतं. शेवटी मोठ्या अक्षरांत एवढंच उरलं: 'शुक्रवारी बाजार बंद. साथ आहे. जनावरं आणू नका. मी जिवंत आहे.'

शुक्रवारी ते धास्तावूनच मैदानावर गेले. टेम्पो नव्हते, जनावरं नव्हती. माणसं मात्र मैदानभर होती.

"अहो, बाजार बंद आहे ना!"

"वाचलं की," गोजरबाई म्हणाली. "म्हस घरीच बांधलीया. आमी तुमाला बघाय आलोय." श्रद्धांजलीसाठी घेतलेला हार वाया जाऊ नये म्हणून तिनं तो त्यांच्या हातात ठेवला.

समोर एवढी माणसं, आणि सगळ्यांनी शामकांतरावांचं लिहिलेलं वाचलेलं. अशा प्रसंगाचं भाषण त्यांच्या खिशात कायम तयार असे. त्यांनी ते काढलं, 'सर्व सन्माननीय' एवढं वाचलं आणि घडी घालून परत ठेवलं.

"चला, चहा घेऊ," ते म्हणाले.

पार मागच्या माणसालाही ते पहिल्या झटक्यात कळलं.