ऑब्रीने न नांगरलेलं टेकाड

ऑब्री टकच्या शेताच्या मधोमध हजारो वर्षांपूर्वीच्या कुणा सरदाराच्या थडग्याचं टेकाड आहे. बाकीच्या शेतकऱ्यांनी आपापल्या शेतातली अशी टेकाडं नांगरून सपाट केली. हा मात्र दहा पावलं लांबूनच ट्रॅक्टर वळवायचा. घर हाकेच्या अंतरावर असूनही दुपारचं पाव-चीज टेकाडावरच बसून खायचा.

"बायकोपेक्षा तो मेलेला सरदार प्यारा!" मेबल चाळीस वर्षं करवादली. तो मान खाली घालून निघून जायचा.

ऑब्री वारला. पुढच्या वर्षी उत्खननवाले आले. टेकाडाच्या कडेला, हातभर खोल, त्यांना बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत इवलीशी हाडं आणि पिवळं लोकरी टोपडं होतं.

टोपडं मेबलनेच विणलेलं. तिचं बाळ मेलेलंच जन्मलं, तेव्हा सुईण मीच होते. बाप्तिस्मा नाही म्हणून पाद्रीने चर्चच्या आवारात जागा दिली नाही. मीच शहाणपणाने ऑब्रीला बजावलं, "कुठे पुरलंस ते तिला कधी सांगू नकोस. विसरेल ती." आग लागो माझ्या शहाणपणाला! त्या बिचाऱ्याने मरेपर्यंत ऐकलं.

मी मेबलला सगळं सांगून टाकलं. ती टोपडं मांडीवर घेऊन टेकाडावर बसली. मला वाटलं, आता मला शिव्या घालेल. पण ती ऑब्रीशीच बोलत होती.

"जेवायला मलाही बोलवायचंस रे."