उलटा हात

नवीन जालन्यात माझं व्हिडिओ गेमचं दुकान आहे. मशीनचा आवाज घरघरायला लागला की दुरुस्तीला एक मिस्त्री यायचे. अ‍ॅम्प्लिफायरची वायर धरण्याआधी तिला उलट्या हातानं शिवून बघायचे. म्हणायचे, "करंट असला तं उलटा हात मागं फेकला जातो, शेठ. सरळ हात चिकटून बसतो."

एकदा गिऱ्हाइकं खोळंबली होती. गल्ल्यावरूनच मी ओरडलो, "बटण बंद केलंय, धरा बिनधास्त!" त्यांनी सरळ हातानं वायर धरली. बटण चालूच होतं. मी बघितलंही नव्हतं.

त्या हाताची बोटं आता मिटत नाहीत. कुणी विचारलं की सांगतात, "शेठ तं थांबा म्हणून राह्यलते. माझीच घाई."

अजूनही ते दुकानात येऊन बसतात. मी चहा पुढं करतो. तो ग्लासही ते आधी उलट्या हातानं शिवून बघतात.