गुडघ्यावरची हातोडी

वडिलांच्या पायाला दोन महिने मुंग्या येत होत्या आणि ही गोष्ट त्यांनी मला, म्हणजे पोटच्या मुलीला सोडून सगळ्या गावाला सांगितली होती. कळल्यावर मी त्यांना भोकरहून उचललं आणि नांदेडला मेंदू आणि नसांच्या डॉक्टरकडे नेऊन बसवलं. माझ्या थोरल्या चुलत्यांचंही मुंग्यांपासूनच सुरू झालं होतं आणि वर्षभरात त्यांनी अंथरूण धरलं. वडिलांवर वाटभर चिडत होते खरी, पण आतून घाबरले होते.

डॉक्टर माझ्यापेक्षा लहान. त्यांनी वडिलांना टेबलावर पाय सोडून बसवलं, स्वतः समोर स्टुलावर बसले आणि रबरी हातोडीनं गुडघ्याखाली टक्कन मारलं. अशा वेळी पाय आपोआप उडतो. वडिलांचा हलला नाही. दुसराही नाही.

"काका, पाय ढिला सोडा."

"सोडलाय की, साहेब."

परत मारलं. पाय खळ्यात रोवलेल्या मेढीसारखा जागच्या जागी. डॉक्टर गंभीर झाले आणि त्यांनी कमरेचा एमआरआय आणि करंट देऊन नसांची तपासणी लिहून दिली. चिठ्ठी घेऊन मी वडिलांना तपासणीच्या खोलीकडे नेलं.

आधी नसांची तपासणी होती. टेक्निशियननं पायाला वायरी चिकटवल्या. पहिला करंट बसताच पाय उडून त्याच्या हाताला लागला. वडील वायरींसकट उठून बसले, त्याचा हात शिवून स्वतःच्या कपाळाला लावला आणि म्हणाले, "माफ करा, पाय लागला." वायरी निघाल्या. परत चिकटवल्या, परत करंट, परत पाय, परत नमस्कार.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. "अण्णा, डॉक्टरसमोर पाय दाबून धरला होता का?"

"मग? समोर बसलेल्या माणसाला लाथ मारू व्हय? डॉक्टर हाय तो. लई जोर लावावा लागला, मांड्या भरून आल्या."

दंडाला धरून मी त्यांना परत डॉक्टरांपुढे उभं केलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टर हसले. "काका, मारा मला लाथ. माझी हरकत नाही."

वडिलांनी डोळे मिटले, माहूरच्या देवीची माफी मागितली आणि पाय सोडला. हातोडी पडली तसा पाय थेट डॉक्टरांच्या गुडघ्यावर बसला. वडील घाईघाईनं नमस्काराला वाकले. मी भर दवाखान्यात पदरानं डोळे पुसत होते. कुणाला लाथ बसली म्हणून एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.