गव्हावर दळलेली ज्वारी

नातीच्या वाढदिवसाला मीच तिला आजारी पाडलं. तेव्हा मी सदुसष्टची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. तिला गव्हाचा कणही चालत नाही, म्हणून केकमध्ये मैद्याऐवजी ज्वारीचं आणि तांदळाचं पीठ घातलं, अंड्याऐवजी केळं कुस्करलं आणि सुनेसमोर भरपूर मिरवून घेतलं. संध्याकाळी पोर पोट धरून रडत होती.

दुसऱ्या दिवशी मी कसबा पेठेतल्या गिरणीत भांडायला गेले. गिरणीवाल्याचं नाव मला आजही ठाऊक नाही. पापण्यांपर्यंत पांढरा झालेला माणूस. गिरणी चालू असताना बोलायचा नाही, नुसती पिठाची चिमूट बोटांत चोळत राहायचा.

"माझ्या ज्वारीत काय मिसळलंत हो?" मी ओरडले. "नातीला गहू बाधला!"

त्याची बोटं थांबली. त्यानं खटका दाबून गिरणीच बंद केली. भर गर्दीत असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"अहो, ज्वारीवर ज्वारी येईपर्यंत थांबा म्हटलं होतं मी. 'गव्हावरच टाका, चिमूटभर मिसळलं तर काय होतंय,' हे तुम्हीच म्हणालात ना?"

मीच म्हणाले होते. चाळीस वर्षं तेच म्हणत आले होते.

"मग उद्या सकाळी पहिली माझीच ज्वारी दळाल?" मी हळूच विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली आणि माझ्या पदराकडे पाहिलं.

"इथल्या हवेतसुद्धा गहू आहे, आजी. घरी जाऊन आधी साडी बदला, मग नातीला जवळ घ्या."